शेवटच्या मुलीचा पत्ता

परदेशात राहून परत आलेला माणूस भिलाईतल्या आमच्या समाजात तेव्हा एकच होता, आणि माझं दुर्दैव असं की मी त्याच्याकडेच नोकरीला होते. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. पावर हाउस या भागातल्या बाजारात, भांड्यांच्या एका ठोक दुकानाच्या वर, या गृहस्थानं खोल्या भाड्यानं घेऊन कंप्यूटरची कंपनी काढली होती. आम्ही आसपासच्या लहान कारखान्यांसाठी पगाराचे आणि मालाच्या साठ्याचे प्रोग्राम लिहीत असू. मी गणितात एम.एस्सी. केलं होतं, वडील पोलादाच्या प्लांटमध्ये कारकून होते आणि आम्ही प्लांटच्या वसाहतीत, एका सेक्टरमधल्या क्वार्टरात राहत होतो. मुलगी कंप्यूटरवर काम करते याचं घरात कौतुक होतं. आणि लग्नाचं वय उलटून चाललं याची भीती कौतुकापेक्षा जास्त होती.

त्यांना आम्ही सर म्हणत असू. सर मे महिन्यातही टाय लावत. भिलाईच्या उन्हात, जिथं स्कूटरची सीट हाताला चटका देते, तिथं हा माणूस गळ्याला फास लावून कूलरसमोर बसे आणि "आमच्या तिकडे" अशी सुरुवात करून बोले. मशीनच्या खोलीत चपला घालून यायची बंदी होती, कारण धूळ. प्लांटकडून येणारी ती लाल धूळ चपलांनी नाही, खिडकीतून यायची, आणि खिडकी नीट लागत नव्हती. ती दुरुस्त करा म्हणून मी सांगितलं तर म्हणाले, "ते ॲडमिनिस्ट्रेशनचं काम आहे." ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजे तेच. दसऱ्याला मात्र त्याच कीबोर्डवर हळद-कुंकू वाहिलं जाई. ती धूळ मशीनला चालत होती.

त्यांचा खरा अभिमान म्हणजे त्यांनी लिहिलेली लायब्ररी. लायब्ररी म्हणजे पुन्हा पुन्हा लागणारे प्रोग्रामचे तुकडे, एकदा लिहून ठेवलेले, ज्याला हवे त्यानं वापरावेत असे. सरांच्या लायब्ररीत को-रूटीन होतं. साधं रूटीन सुरू झालं की काम संपवूनच परत येतं. को-रूटीन मधेच थांबतं, हातातली एक गोष्ट समोरच्याला देतं, आणि पुन्हा हाक मारली की जिथं थांबलं होतं तिथून पुढे चालू लागतं. लग्नघरात एक बाई पुऱ्या लाटते आणि दुसरी तळते, तसं. लाटणारी एक पुरी देते, थांबते, तळणारीनं मागितली की पुढची लाटते. कल्पना सुंदर आहे. हे मी आजही म्हणते, आणि कल्पना सरांची नव्हती हेही म्हणते.

सुरुवातीला त्यांच्या लायब्ररीत लाटणारी बाई खरोखर पुरी हातात देत असे. म्हणजे को-रूटीन एक नोंद वाचायचं आणि तिची नक्कल करून घेणाऱ्याच्या हवाली करायचं. मग सर कुठल्याशा परिषदेला मुंबईला जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी आम्हाला फळ्यासमोर बसवलं.

"कॉपी करणं ही कारकुनी आहे," ते म्हणाले. समोर कारकुनाची मुलगी बसली आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर त्यांना ते आवडलं असेल. "यापुढे आपलं को-रूटीन व्हॅल्यू देणार नाही. रेफरन्स देणार. नोंद मेमरीत जिथं पडली आहे त्या जागेचा पत्ता. वेळ वाचेल, मेमरी वाचेल."

म्हणजे आता लाटणारी पुरी देणार नव्हती. "पोळपाटावर आहे, घे," असं नुसतं सांगणार होती. तळणारीनं लगेच उचलून कढईत टाकली तर काही बिघडत नाही. पण तिनं ती न उचलता "पुरी पोळपाटावर आहे" एवढंच लक्षात ठेवलं, तर पुढच्या खेपेला त्याच पोळपाटावर दुसरी पुरी आलेली असते.

हेच मी विचारलं. "सर, घेणाऱ्यानं नोंद न घेता पत्ताच जपून ठेवला तर? पुढची नोंद त्याच जागेवर येईल. मागची पुसली जाईल."

ते हसले. त्या हसण्यात दात दिसत नसत, फक्त नाकपुड्या फुगत. "तुम्ही इथंच शिकलात ना? दिसतं ते. पत्ता जपून ठेवायचा नसतो हे ज्याला कळत नाही, त्यानं माझी लायब्ररी वापरूच नये."

त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरशी वाद घालणं होतं. पान उलटेपर्यंत तेच चित्र.

त्याच सुमारास आमच्या समाजाच्या मंडळानं वधू-वर परिचय मेळावा ठरवला. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त अधिकारी. प्लांटमधून निवृत्त झाले, पण अधिकारी असण्यातून काही झाले नाहीत. सरांनी त्यांना सांगितलं की जोड्या कंप्यूटर लावील. प्रत्येक मुलाच्या घरच्यांना त्याला अनुरूप अशा मुलींची छापील यादी हातात मिळेल. शिक्षण, वय, उंची, गोत्र, नाडी, मंगळ, सगळं मशीन पाहील. अध्यक्षांना हे इतकं पटलं की निमंत्रणपत्रिकेवर "संगणकीय" हा शब्द सरस्वतीच्या चित्रापेक्षा मोठा छापला गेला.

अर्ज मशीनमध्ये भरायचं काम माझ्याकडे आलं. समाजाबद्दल आदर टिकवायचा असेल तर त्याचे विवाहाचे अर्ज वाचू नयेत. आमच्याकडे काळं कुणीच नव्हतं. एक तर गोरे, नाहीतर गव्हाळ. ज्या मुलाला बारावीला दोन वर्षं लागली त्याला पदवीधर, सुंदर, मनमिळाऊ आणि "नोकरी असल्यास हरकत नाही" अशी मुलगी हवी होती. मुलींच्या अर्जात अपेक्षेच्या रकान्यात एकच शब्द असे, "अनुरूप". तोही बापाच्या अक्षरात.

घरी आई मागे लागली होती.

"तू आपलाच फार्म कावून नाई भरत वं? दुसऱ्याचे तर रोज भरून राहिली."

"आई, मले नाई पायजे त्या यादीत."

"नाव लिवल्यानं लगन थोडीच लागते?"

"मंग कायले लिवायचं?"

आई भांडी जोरात ठेवू लागली. बाबा पेपर वाचत होते. आमच्या घरात कुठलाही विषय निघाला की बाबा पेपर वाचत.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, मी कामावरून निघाल्यावर, आई स्वतः पावर हाउसला गेली आणि माझा अर्ज सरांच्या हातात देऊन आली. हे मला नंतर कळलं. "मी स्वतः टाकतो, काळजी करू नका," असं सर म्हणाले आणि तो त्यांनी स्वतःच टाइप केला. त्यामुळे मुलींच्या फाइलीत सगळ्यात शेवटची नोंद माझी होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

जोड्या लावायचा प्रोग्राम सरांनी मला लिहू दिला नाही. तो मानाचा भाग होता. त्यांच्या लायब्ररीतलं को-रूटीन मुलींची फाइल वाचून एकेक मुलगी पुढे करणार आणि सरांचा प्रोग्राम ती त्या मुलाला जुळते का ते पाहून बाजूला ठेवणार, असा बेत होता. शेवटी बाजूला ठेवलेल्या सगळ्या छापायच्या. मी म्हटलं, आधी चार-पाच नोंदींवर चालवून पाहू. सर म्हणाले, माझा कोड मी डोक्यात चालवतो.

रविवारी सकाळी मशीन आणि प्रिंटर गाद्यांमध्ये गुंडाळून एका गाडीतून सेक्टरमधल्या हॉलवर नेले. स्टेजवर टेबल, टेबलावर मशीन, मशीनला हार. समोर मुलांकडचे डावीकडे आणि मुलींकडचे उजवीकडे, दुर्ग, राजनांदगाव, रायपूर, थेट गोंदियापासून आलेले. मुली नव्या साड्यांमध्ये घामेजून बसल्या होत्या आणि मुलं रुमालानं बूट पुसत होती. अध्यक्षांनी विज्ञान आणि संस्कृती यांच्या संगमावर भाषण केलं. भाषणात संगम बऱ्याच वेळा झाला, मेळावा मात्र अजून व्हायचा होता.

मग प्रिंटर किंचाळू लागला. पहिला कागद एका विधवा बाईंना मिळाला. त्यांचा मुलगा इंजिनियर होता, शेजारी ताठ बसलेला. बाईंनी चष्मा लावला, कागद वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा वाचला.

"काय हो, हे एकच नाव कावून हाय वरपासून खालपर्यंत?"

दुसऱ्या कुटुंबाचा कागद तसाच होता. तिसऱ्याचाही. ज्या मुलाला पुष्कळ मुली जुळत होत्या त्याच्या कागदावर तेच नाव पानभर होतं आणि ज्याला दोनच जुळत होत्या त्याच्या कागदावर दोनदा. ज्याला कुणीच जुळत नव्हतं त्याला कोरा कागद मिळाला. त्याच्या वडिलांनी तो चारचौघांसमोर घडी घालून खिशात ठेवला. हॉलमध्ये कुजबुज वाढली, मग कुणीतरी मोठ्यानं वाचायला लागलं. शिक्षण एम.एस्सी. गणित. वर्ण गव्हाळ. वडील प्लांटमध्ये.

ते माझं नाव होतं.

पाठीमागून एक काका ओरडले, "अख्ख्या समाजात एकच पोरगी उरली काय?" आणि हॉल हसला. मुलीसुद्धा हसल्या. मी त्यांच्यावर रागावले नाही, सकाळपासून त्यांना पहिल्यांदाच हसायला मिळालं होतं.

काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. माझी नोंद त्या फाइलीत कशी आली हे कळत नव्हतं, पण बाकी सगळं स्वच्छ होतं. को-रूटीन प्रत्येक मुलगी मेमरीतल्या एकाच जागी वाचत होतं आणि त्या जागेचा पत्ता देत होतं. सरांच्या प्रोग्रामनं दर वेळी मुलीच्या ऐवजी तो पत्ताच जपून ठेवला. छापायच्या वेळी प्रत्येक पत्त्यावर जाऊन पाहिलं तर तिथं एकच मुलगी होती, फाइलीतली शेवटची. ज्याला हे कळत नाही त्यानं लायब्ररी वापरू नये असं ज्यांनी मला सांगितलं होतं, त्यांनीच ती वापरली होती.

सर टायची गाठ चाचपत होते. त्यांनाही कळलं असावं, कारण ते मूर्ख नव्हते. मूर्ख असते तर मी त्यांना माफ केलं असतं. त्यांनी माइक हातात घेतला.

"मंडळी, मशीन कधी चुकत नाही," ते म्हणाले. "मशीनमध्ये माणसं जे भरतात तेच बाहेर येतं. माहिती भरायचं काम आमच्या एका कर्मचारी मुलीकडे होतं. आता, काहींना घाई असते..." आणि ते नाकपुड्या फुगवून हसले.

या वेळी हॉल जास्त हसला. मी स्टेजच्या पायरीपाशी उभी होते. गणितातली पदवी अशा वेळी काही कामाची नसते.

उजवीकडच्या रांगेतून आई उभी राहिली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती. हळदी-कुंकवातसुद्धा ती दुसऱ्यांदा साखर मागत नसे. पदर डोक्यावर ओढून घेत ती म्हणाली, "साहेब, माया पोरीनं नाव नाई देल्लं. मी देल्लं. तिले न सांगता देल्लं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी तुमच्याच हातात फार्म देल्ला, आन तुमीच म्हणाले का मी स्वतः टाकतो म्हणून. थे तर लग्नाले नाईच म्हणून राहिली वर्षभर. थे कायले इतक्या पोरांच्या कागदावर आपलं नाव टाकन?"

सर माइककडे पाहत राहिले.

"बसा वहिनी, बसा," अध्यक्ष म्हणाले. "जेवणाची वेळ झाली आहे." समाजावर संकट आलं की आमचे अध्यक्ष जेवण वाढायला सांगत.

लोक पुरी-भाजीच्या रांगेकडे गेले तशी मी मशीनसमोर जाऊन बसले. सर मागे येऊन उभे राहिले. हळू आवाजात म्हणाले, "माझ्या लायब्ररीला हात लावायचा नाही."

"लायब्ररीला नाही लावत सर," मी म्हटलं. "ज्यानं पत्ता जपून ठेवला, त्याच्या प्रोग्रामला लावते."

मी त्यांच्या प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. मुलगी जुळली की तिच्या नोंदीची नक्कल करून घ्यायची आणि ती नक्कल ठेवायची. कारकुनी. मेमरी वाचवण्याच्या ज्या गर्जना आम्ही महिनाभर ऐकल्या होत्या त्यांचं काय झालं म्हणाल, तर समाजातल्या सगळ्या लग्नाच्या मुली त्यांच्या गोत्र-नाडीसकट त्या मशीनमध्ये आरामात मावल्या. माझी नोंद मी फाइलीतून काढून टाकली. बुंदी वाढेपर्यंत बरोबर याद्या छापून झाल्या होत्या. त्या वाटायला अध्यक्ष पुढे झाले आणि टाळ्या पडल्या त्या "संगणका"साठी.

परत येताना बाबा स्कूटर चालवत होते, मी मागे होते, आई शेजाऱ्यांबरोबर ऑटोनं. बाबा एवढंच म्हणाले, "साहेब माणूस हाय. चालतेच. उद्या जाऊन सॉरी म्हणून टाक." मी उत्तर दिलं नाही. वाऱ्यात ऐकू आलं नाही असं त्यांनी समजून घेतलं असावं.

सोमवारी सरांनी मला बोलावलं. मला वाटलं, कसंही, वाकडंतिकडं का होईना, काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "रेफरन्सचा धोका तुम्ही लेखी द्यायला हवा होता." मी त्याच दिवशी नोकरी सोडली. आईनं ऐकलं आणि मोठ्या भांड्यात चहा टाकला. बाबांनी पेपर उघडला.

पण गोष्ट तिथं संपली नाही, कारण नाव तर घरोघरी पोचलं होतं. चुकीचे कागद कुणी परत दिलेच नव्हते. दुर्गच्या बाजारात बायका मला पाहून कोपर मारत, "थेच व्हय ना, कंप्यूटरवाली." आणि एके दिवशी खरोखरच एक कुटुंब आमच्या घरी आलं. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मामा. मामांनी पहिला, चुकीचा कागद जपून आणला होता. "पानभर एकच नाव आलं म्हणजे हा योग हाय," ते म्हणाले. "आमच्या गुरुजींले दाखवला. थे म्हणाले, असा योग कोणाले मिळत नाई."

आईनं पोहे दिले. मी बाहेर येऊन बसले आणि मुलाला समजावून सांगितलं की हा योग नाही, त्या प्रोग्राममध्ये एक जागा होती, तिच्यावर एकामागून एक मुलगी येत गेली आणि पुसली जात गेली, आणि शेवटची मी होते म्हणून मी राहिले. तुमच्यासाठी जुळलेल्या मुली वेगळ्या आहेत, त्यांची खरी यादी तुम्हाला त्याच दिवशी दुपारी मिळाली होती. तो लक्ष देऊन ऐकत होता. डोळे मिटले नाहीत, मान हलत होती. क्षणभर मला बरं वाटलं.

"समजलं," तो म्हणाला. "आन स्वयंपाक येते का?"

ते गेल्यावर आई पोह्यांच्या बशा उचलत होती. "मामा बरा होता," ती म्हणाली आणि हसायला लागली. मीही हसले. पुढे तिनं कधी माझा अर्ज कुठे दिला नाही.

वर्षभरानं मंडळानं "समाजात संगणकयुग आणल्याबद्दल" सरांना शाल आणि श्रीफळ दिलं. आम्हालाही निमंत्रण होतं. बाबा गेले.

मी दुर्गला एका कॉलेजात शिकवायला लागले. को-रूटीन अभ्यासक्रमात नव्हतं, तरी शिकवलं. रेफरन्सही शिकवला, आणि तो वाईट असतो असं कधी सांगितलं नाही. घेणाऱ्याला मूळ नोंदच जागच्या जागी दुरुस्त करायची असेल तर रेफरन्ससारखी गोष्ट नाही. नक्कल दुरुस्त करून काय उपयोग, मूळ तसंच राहतं. पण जे जपून ठेवायचं आहे त्याची नक्कल घ्यावी लागते. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही, आणि हे सांगायला परदेशात जावं लागत नाही.

कंपनी पुढे बंद पडली आणि सर पुण्याला गेले. मध्यंतरी छत्तीसगड वेगळं राज्य होण्याच्या गप्पा सुरू झाल्या होत्या, त्या काळात ते मला एकदा दुर्ग स्टेशनवर भेटले. टाय नव्हता. बरोबर कुणी गृहस्थ होते.

"ही माझी विद्यार्थिनी," सरांनी त्यांना सांगितलं. "हिला को-रूटीन मी शिकवलं."

त्या गृहस्थांनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. फलाटावर गर्दी होती, गाडीला वेळ होता, आणि त्या माणसासाठी खर्च करावा असा एकही शब्द माझ्याकडे नव्हता. मी नमस्कार केला आणि चहा घ्यायला पुढे गेले.